निकष पाच आणि रोवणीतले फोन

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवते. नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या दर्जाच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली तेव्हा माझ्याकडे पाचवा निकष आला, विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती. मागच्या पाच वर्षांत आपल्याकडून बाहेर पडलेली पोरं कुठे आहेत ते शोधायचं आणि पुराव्यासह लिहायचं.

तोवर माझ्यासाठी विद्यार्थ्याचं मोजमाप गुणपत्रिकेपाशी संपत होतं. प्रत्येक विषयाचे श्रेयांक गुणिले श्रेणीचे गुण, त्यांची बेरीज, तिला एकूण श्रेयांकांनी भागलं की सत्राचा एसजीपीए निघतो. ‘ओ’ला १०, काठावर पास झालेल्या ‘पी’ला ४. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं. त्याआधी आमच्याकडचे उन्हाळी-हिवाळी परीक्षांचे निकाल नागपूरहून यायचे, पण मोजायचं ते परीक्षेतच. निकष पाचचा हिशेब वेगळा आहे. नोकरीला लागलेले अधिक पुढे शिकायला गेलेले, भागिले त्या वर्षी बाहेर पडलेले सगळे. ज्याचा पत्ता लागला नाही तो वरून निसटतो, खाली मात्र मोजला जातो. हे कळल्यावर मी रोज संध्याकाळी फोन घेऊन बसू लागले.

जुलै महिना होता. निम्मे नंबर बंद. सिम बदललेले, किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बापासोबत हरवलेले. लागलेल्या फोनमागे धानाच्या रोवणीतल्या चिखलाचा आवाज. “मॅडम, रोवण्याले आलो जी, रात्री करतो.” काहींनी खरंच रात्री केला. बरीच मुलं पोलीस भरतीच्या तयारीत होती, पहाटे रस्त्यावर धावणारी. अहवालात तयारीला रकाना नाही. राज्य पातळीवरची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आहे.

एका घरी आईने फोन उचलला. मुलगी दोनदा एका विषयात राहिली, तिसऱ्या खेपेला हिवाळीत निघाली, हे मला आठवत होतं. “बाई, पोरगी तं लग्न होऊन गेली जी. मार्कशीट माझ्यापाशीच हाये, पेटीत.” मी नाव लिहिलं आणि पुढचा रकाना रिकामा सोडला. त्या रात्री आणखी फोन करवले नाहीत. सकाळच्या एसटीने येऊन, कधी बस चुकली तर चालत येऊन ती पदवीपर्यंत पोहोचली होती.

मग बी.कॉम. झालेला एक मुलगा सापडला. त्याच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकते आणि हा तिचा हिशेब ठेवतो. कोणी किती पुडके आणले, ठेकेदाराकडून किती आले, कोणाच्या खात्यात किती गेले. मी त्याच्या गावी गेले. त्याने वही दाखवली. जमा-नावे, प्रत्येक पानाची बेरीज, खाली अध्यक्षांची सही. वर्गात ताळेबंद मांडताना नेहमी अडखळणारा हाच मुलगा. पाच वर्षांच्या अध्यापनात मला माझ्या विषयाचा याहून चांगला निकाल दिसला नव्हता.

मी ग्रामसभेकडून शिक्क्याचं पत्र मागितलं, मानधनाच्या आकड्यासह. आमच्याच समितीत त्यावर वाद झाला. एक ज्येष्ठ सर म्हणाले, “कंपनीचं नियुक्तिपत्र नाही, हे काढा.” मी वनहक्क कायद्याची प्रत पुढे ठेवली. वनहक्क मिळालेली ग्रामसभा कायद्यानेच तेंदूपत्त्यासारखं आपलं गौण वनोपज विकते, तिला हिशेबनीस लागतो, तो मानधनावर ठेवला जातो, मग ही नोकरी का नाही? दोन बैठका गेल्या. शेवटी प्राचार्यांनी नाव ठेवायला सांगितलं. मालकाच्या रकान्यात मी ‘ग्रामसभा’ लिहिलं, पूर्ण पत्त्यासह.

अहवाल गेला. त्यात जी पोरं आली नाहीत त्यांच्यासाठी मी वेगळं रजिस्टर केलं आहे. आता शेवटच्या वर्षाचं कुणी टीसी घ्यायला आलं की मी तीन नंबर लिहून घेते: स्वतःचा, आईचा आणि गावातल्या किराणा दुकानाचा. दुकानाचा नंबर सहसा बदलत नाही. पेटीतल्या मार्कशीटवाल्या मुलीचा सासरचा नंबर तिच्या आईने मागच्या महिन्यात मिळवून दिला. रोवणी संपली की लावणार आहे. बी.ए.नंतर बाहेरून एम.ए. करता येतं, एवढं तिला सांगायचं आहे.