पुण्यात मुस्तफाच्या शोधात

साताऱ्याहून पुणं तसं काही लांब नाही पण फक्त व्हिडिओ गेमसाठी म्हणून मी पहिल्यांदाच गेलो, सोबत भाचा, यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्याला मी कितीतरी वेळा सांगितलेलं की आमच्या लहानपणी एक रुपयाला एक कॉईन मिळायचं आणि त्यात आम्ही तिघं मिळून मुस्तफा खेळायचो. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, पण आमच्या पार्लरात ते नाव कोणी कधी घेतलं नाही. मुस्तफा हे त्यातल्या एका कॅरेक्टरचं नाव, पळत येऊन मारलेली त्याची लाथ इतकी भारी होती की सगळ्यांना तोच पाहिजे असायचा, त्यावरून भांडणं व्हायची. तर ते मशीन भाच्याला उभं राहून खेळायला मिळावं एवढीच इच्छा होती.

स्वारगेटला एसटीतून उतरलो, मेट्रोनं मंडई, आणि तिथून चालत तपकीर गल्ली. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे वायरी, लाईटच्या माळा, सप्लाय, स्विच, जे मागाल ते. एका काउंटरवरच्या काकांना विचारलं, गेमच्या मशीनची बटणं मिळतील का? त्यांनी काही न बोलता खालच्या खोक्यातून मोठं लाल गोल बटण काढलं, खाली मायक्रोस्विच लावलेला. दाबलं आणि तो टक् आवाज आला, मी तिथंच थांबलो. तोच आवाज! काका म्हणाले, "पूर्वी पार्लरवाले डझनानं न्यायचे हो, आता घरी मशीन बनवणारी पोरं येतात." मग त्यांनी सगळं समजावलं, कॅरेक्टर हलवायची जी दांडी, तिच्या खाली चार बाजूंना असेच चार स्विच असतात, दांडी ज्या बाजूला कलते तिथला स्विच दाबला जातो, बाकी काही जादू नाही. भाचा वाकून बघत होता. मुस्तफाच्या ओरिजिनल बोर्डाचं, म्हणजे गेम ज्यात असतो त्या सर्किटचं विचारलं तर नकारार्थी मान हलवली. त्या गेमच्या बोर्डावर एक बॅटरी असते, ती संपली की आवाजाच्या चिपमधली किल्ली, म्हणजे कुलूपबंद प्रोग्राम उलगडायचा कोड, पुसली जाते आणि बोर्ड नीट चालत नाही. तीस वर्षांत किती बोर्ड असे गेले असतील, ऐकून खरंच वाईट वाटलं. दोन बटणं घेतली.

मग सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलली, रामवाडीला उतरून रिक्षानं विमाननगरच्या मॉलमधे. गेम झोन मोठा, एसी, कार्डात पैसे भरायचे आणि मशीनला टेकवायचं. बास्केटबॉल, एअर हॉकी, रेसिंगच्या गाड्या, आणि बाकी सगळी तिकिटं देणारी मशीन. लहान मुलं खूश होती, त्याबद्दल तक्रार नाही, पण दोन जणांनी शेजारी उभं राहून मारामारी करायचं एकही मशीन नाही. मला ते पटलं नाही. आमच्या पार्लरात अनोळखी पोरगा शेजारी येऊन कॉईन टाकायचा आणि पाच मिनिटांत दोस्त व्हायचा, इथं प्रत्येक जण आपापल्या घरच्यांबरोबर येतो आणि जातो.

संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, आता माझ्या ठिकाणी चल." गरवारे कॉलेज स्टेशनला उतरलो, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर पीएस फाईव्हचं, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या गेमचं पार्लर, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सहा टीव्ही आणि कॉलेजची पोरं, तासाला शंभर रुपये. चार टीव्हीवर फुटबॉल, एकावर क्रिकेट आणि कोपऱ्यात टेकन ८, समोरासमोर मारामारीचा गेम. टेकन ३ मी सीडीवर इतका खेळलोय की विचारू नका, लगेच त्यातलं एडी नावाचं कॅरेक्टर शोधायला लागलो. एक पोरगा म्हणाला, "काका, एडी आहे पण वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो, इथं घेतलेला नाही. किंग घ्या." घेतला. त्यानं मला सलग तीन वेळा हरवलं आणि चौथ्या वेळी किंगच्या पकडी कशा टाकायच्या ते स्वतःचा कंट्रोलर हातात धरून दाखवलं, त्याच्या मागे दोघं नंबर लावून उभे होते तरी. भाच्यानं पण एक राउंड जिंकला तेव्हा ओळख ना पाळख, सगळी पोरं ओरडली.

असलंच पार्लर हवं होतं मला. मशीन नव्हतं एवढंच.

रात्रीच्या एसटीत भाचा ते लाल बटण सारखं टक् टक् दाबत होता. कात्रजचा बोगदा गेला, मग म्हणाला, "मामा, तिघांसाठीचं मशीन बनवायचं तर अजून किती बटणं लागतील?" प्रत्येकाला उडी आणि मारामारी अशी दोन, आणि एक स्टार्टचं. म्हणजे एकूण नऊ, त्यातली दोन आहेत.