नकाशातलं धुक्याचं रान

रविवार, रात्री

कल्पित जगाच्या नकाशाचा दक्षिण कोपरा आज हाती घेतला. जागता ज्वालामुखी, उतारावर घनदाट रान, बारा महिने धुकं. अशा ठिकाणी पेन आपोआप एक खळाळती नदी काढतं. ती आधी खोडली. कोवळा लाव्हा भेगाळलेला आणि सच्छिद्र असतो. पाऊस कितीही कोसळो, पाणी सरळ खाली उतरतं. रवांडातल्या विरुंगा ज्वालामुखींच्या पायथ्याशी भरपूर पाऊस पडतो, तरी माणसं पाण्यासाठी पायपीट करतात. सह्याद्रीचा कातळही लाव्हाचाच, पण सुमारे ६.६ कोटी वर्षं जुना. तिथले ओढे डोळ्यांसमोर ठेवून हे रान रंगवलं की फसगत ठरलेली.

मग वस्ती पाणी पिणार कुठून? धुक्यातून. ढग उताराला घासून जातो, तेव्हा फांद्यांवरचं शेवाळ त्यातलं पाणी धरतं आणि थेंब थेंब सोडतं. म्हणून प्रत्येक बुंध्याला तिरकी पन्हळ, खाली रांजण, आणि शेवाळ खरवडणाऱ्याला गावातली सर्वांत कडक शिक्षा. भूगोलातून निघालेला कायदा वाचकाला पटवत बसावं लागत नाही. वारा फिरून विवराचा धूर इकडे आला की रांजणांवर झाकणं, कारण गंधकाच्या वायूने थेंब आम्लधर्मी होतात. हवाईत अशा पावसामुळे छपरा-नळांतलं शिसं पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं. तेव्हा पन्हळ बांबूचीच.

घरं कुठे बांधायची, हे वायू ठरवतो. काँगोतल्या गोमा शहराच्या परिसरात त्याला ‘माझुकू’ म्हणतात: जमिनीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड. हवेच्या दीडपट जड, म्हणून रात्री वारा पडला की खोलगट जागी साचतो. रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आधी बळी जातात कुत्री आणि लहान मुलं, कारण त्यांची नाकं जमिनीजवळ. त्यामुळे घरं डोंगराच्या उंच धारेवर, आणि पहाटेच्या वाटेवर पुढच्याच्या हातात काठीच्या टोकाला, घोट्याच्या उंचीवर दिवा. ज्योत विझली की तिथूनच मागे. तोच दिवा तोंडासमोर धरला तर तो विझेपर्यंत फार उशीर झालेला असतो. चित्रकारांना मशाल उंच धरलेली आवडते, तिथे वाद होणार.

राक्षसी सरडा काढून टाकला. तीन हजार मीटरवरच्या गार धुक्यात एवढं थंड रक्ताचं धूड अंग तापवणार कसं? त्याऐवजी गोरिलाच्या चालीचा प्राणी. विरुंगातला गोरिला पाणी क्वचितच पितो, ओल्या पाल्यावर आणि देठांवर त्याचं भागतं. शिवाय रोज संध्याकाळी पाला मोडून नवं अंथरूण करतो. माझा प्राणी ते कायम धारेवर करेल, म्हणजे वाट चुकलेल्याला ही अंथरुणंच सुरक्षित जागा दाखवतील.

लाव्हाचा नवा पट्टा मात्र अजून कोराच आहे. त्यावर आधी राखाडी दगडफूल, भेगांत नेचे, झाडं त्यानंतर. दोन पट्ट्यांमध्ये वाचलेल्या जुन्या रानाच्या बेटाला हवाईत ‘किपुका’ म्हणतात. अशी तीन बेटं पेन्सिलीने आखली आहेत. कुठल्या बेटावर कोण राहतं, ते ठरायचंय.