स्वतःच्या पट्टीतलं गाणं
(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९९८)

जनाबाई गंगाखेडची, हे आपल्या गावात पहिलीतल्या लेकरालाही ठाऊक असतं. पण तिच्या अभंगाच्या शेवटी ‘नामयाची जनी’ का येतं, असं मराठीच्या सरांनी आठवीत विचारलं तेव्हा वर्गात कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, “संत नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी बाई. पण रचलेलं आपलं आहे, हे ती शेवटच्या चरणात सांगून जाते. तुम्ही पण सांगा.” मग त्यांनी मोठ्या अभंगाचा साचा फळ्यावर मांडला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. प्रत्येकानं आपलं गाणं रचायचं. अटी दोनच घातल्या. चाल सिनेमाची नको आणि शेवटी स्वतःचं नाव हवं.

तोवर शाळेत गाणं म्हणजे पंधरा ऑगस्टचं आणि सतरा सप्टेंबरचं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्यापुढं समूहगीत व्हायचं, त्यात ज्यांचे गळे चांगले त्यांनाच घ्यायचे. बाकीच्यांनी ओळीत उभं राहायचं. सरांच्या शनिवारच्या तासाला मात्र सगळ्यांनाच उठावं लागे, आणि नववीत माझ्यासारख्या पोरांची खरी अडचण तिथंच होती. आवाज फुटला होता. धडा वाचायला उभं राहिलं की मध्येच चिरका सूर निघायचा, मागच्या बाकांवर हसू पिकायचं. पाठ असलेलं उत्तरसुद्धा मी सांगायचं सोडून दिलं होतं.

सरांनी यावर भाषण दिलं नाही. पेटी पुढं ओढली आणि शास्त्र सांगितलं. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात गळ्यात थोडेच सूर नीट लागतात. मग एकेका पोराला ‘सा’ लावायला लावून त्यांनी प्रत्येकाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या स्वरावर बसतो ते, शोधलं. सातवीत काळी चारमध्ये गाणारा मी थेट खाली पांढरी एकवर आलो. “तुझ्याकडं आत्ता पाच सूर आहेत ना? पाचातच चाल बांध. गाणं तुझं आहे, ते तुझ्या गळ्याच्या मापानं होऊ दे.”

पुढं मी पुष्कळ विचार केला तेव्हा ध्यानात आलं की स्वतः रचलेल्या गाण्याचा मोठा गुण हाच आहे. प्रसिद्ध गाणं म्हणणारं पोर मूळ गायकाशी ताडून पाहिलं जातं आणि दरवेळी कमीच भरतं. स्वतःच्या गाण्याला मूळ आवाज त्याचा त्याचाच असतो. तिथं चुकलास असं म्हणायला कुणापाशी काही नसतं.

ऐकण्याचीही एक रीत होती. गाणं संपलं की ‘छान’ म्हणायचं नाही, ‘वाईट’ही नाही. प्रत्येकानं फक्त आपल्या ध्यानात राहिलेली ओळ म्हणून दाखवायची. आपण रात्री चिमणीच्या उजेडात खोडून खोडून लिहिलेली ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. टाळ्या सगळ्यांना सारख्याच मिळतात; आपली ओळ परत मिळाली की कुणीतरी खरंच ऐकलं याची खात्री पटते. माझ्या मते आम्हा पोरांचा धीर या रीतीनं वाढला, गॅदरिंगच्या बक्षिसांनी तेवढा नाही.

ज्यांना स्वतःबद्दल बोलणं जड जाई त्यांना सर पैठणला न्यायचे, म्हणजे एकनाथ महाराजांच्या भारुडांकडं. नाथ विंचवावर बोलतात, जोशी होतात, वासुदेव होतात. तसा दुसऱ्याचा आवाज घ्या म्हणायचे. एकानं आटलेल्या विहिरीचं गाणं केलं, एकानं बाजारात विकलेल्या बैलाचं. बैलाचं गाणं म्हणणाऱ्याच्या घरचाच बैल त्या साली गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. हलगी वाजवणाऱ्याचा हात तेवढा हळू झाला.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचं सांगितल्याशिवाय हे मनोगत पुरं होणार नाही. तिचं नाव तिला न विचारता छापत नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळं दसरा झाला की दोघांचा ‘कोयता’, म्हणजे तोडणीची जोडी, कारखान्याच्या वाटेला लागायचा, तो उन्हाळ्यातच परतायचा. ही आज्जीपाशी. हजेरीला ‘हजर’ एवढाच तिचा आवाज आम्ही ऐकलेला. तिनं आणलेल्या गाण्याचं पहिलं कडवं मला अजून पाठ आहे:

दसरा सरला
भरली ती गाडी
माय मला सोडी
आज्जीपाशी

चाल आज्जीच्या जात्यावरच्या ओवीची, थोडी बदललेली. शेवटच्या कडव्यात तिनं आधी मायचं नाव घातलं होतं, मग स्वतःचं. त्या दिवशी ओळ परत म्हणायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांनी एकच ओळ म्हटली, ‘माय मला सोडी’. त्यांतले कितीतरी कोयत्यावर जाणाऱ्या घरांतलेच होते. ती पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडं बघत होती.

सरांनी ते गाणं टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं. उन्हाळ्यात आईबाप आले तेव्हा कॅसेट तिच्या घरी गेली. मायनं ऐकलं आणि म्हणाली, “पुन्यांदा लाव.” त्यानंतर दहावीच्या वर्षीही आज्जीपाशी घरी राहूनच शिकायचं, हे त्या मुलीनं स्वतः बापाला समोर बसून सांगितलं आणि मनवलं. आज ती आरोग्य खात्यात परिचारिका आहे.

माझं गाणं कापसाचं होतं. त्या काळात एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा; माप होईस्तोवर केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागायची. गाडीखाली पोतं अंथरून बापाशेजारी काढलेल्या रात्री मी त्यात घातल्या होत्या. स्नेहसंमेलनात ते म्हटलं तेव्हा बाप मागं उभा होता. घरी जाताना एवढंच म्हणाला, “हे तर मपलंच की रे.” म्हणजे माझंच. त्यानंतर विज्ञानाच्या तासाला माझा हात वर जाऊ लागला. आवाज अजून चिरकत होता, पण आता तो कुठं चिरकतो ते मला माहीत होतं.

आज मी कृषी खात्यात काम करतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा चिडलेल्या शेतकऱ्यांपुढं पारावर उभं राहून बोलावं लागलं. आवाज उतरवून, सावकाश, समोरच्याचं वाक्य आधी त्याला परत म्हणून दाखवून मग उत्तर द्यायचं, हे मी खात्याच्या प्रशिक्षणात शिकलो नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्याचं मी फार उशिरा वाचलं. त्यांत आपल्याच जिल्ह्यातल्या, ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आहेत. म्हणजे गाणं रचणारी माणसं आपल्या घराघरांत होती. आपण त्यांना कवी म्हटलं नाही इतकंच.

आताच्या पोरांकडं मोबाईल आहे. बीट मिळते, रॅप करतात, रात्रीतून गाणं जगाला दाखवता येतं. त्यांचं मला कौतुक आहे, त्यांतले काही आपल्या बोलीत फार ताकदीचं लिहितात. पण चौदा-पंधराव्या वर्षी पहिलं गाणं अनोळखी लोकांच्या आकड्यांपुढं टाकू नये असं मला कळकळीनं वाटतं. आधी ते समोर बसलेल्या दहा माणसांनी ऐकावं, ज्यांना आपलं घर माहीत आहे.

शाळेच्या संगीत खोलीतल्या पेटीचा भाता फाटलाय आणि दोन सूर लागत नाहीत, असं मुख्याध्यापक बाईंनी फोनवर सांगितलं. दुरुस्तीचा खर्च १९९८ची बॅच करणार आहे. शनिवारी सकाळी नववीच्या वर्गाला वेळ दिली तर त्यांच्या पट्ट्या शोधायला मी स्वतः येईन. पेटीवर बोटं फिरवण्याइतकं सरांनी मला शिकवलेलं आहे.