उजनीची रेघ, आणि मधले आकडे कुठून येतात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच: "आकडा तर तुम्ही फक्त रविवारी वहीत लिहिता, मग ग्राफमध्ये बुधवारचं उजनी धरणाचं पाणी कुठून येतं?"

कुठून येणार, स्प्लाइन बनवतं. ग्नू प्लॉटयूटिल्स या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरमधली छोटीशी कमांड आहे. एका कॉलममध्ये आठवड्याचा नंबर, दुसऱ्यात टक्के, फाइल तिच्यात ढकलायची, काही न सांगता ती १०० तुकडे पाडून मधले आकडे काढून देते, ते पाइपने, म्हणजे थेट एकीकडून दुसरीकडे, ग्राफ नावाच्या दुसऱ्या कमांडला दिले की झाली रेघ. तुमच्या प्रत्येक ठिपक्यातून ती जाणार हे नक्की, मधे कशी वळेल ते तिचं गणित. पूर्वी जहाजांचे आराखडे काढणारे लाकडाची लवचिक पट्टी वजनांनी दाबून अशीच वळवायचे, स्प्लाइन हे त्या पट्टीचंच नाव.

आता माझी फजिती. एका वर्षी जूनअखेर साठा खाली जाऊन दोन-तीन आठवडे तिथंच बसला, मग पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं आणि आकडा एकदम उसळला. रेघेनं काय केलं, त्या उसळीच्या आधी आणखी खाली बुडी मारली. दुसरं कुठलं धरण असतं तर शून्याखालची रेघ बघून कुणीही म्हणलं असतं की काहीतरी चुकलंय, पण हे उजनी! ११७ टीएमसीच्या धरणात ६३ च्या आसपास मृतसाठा, टक्के मोजायचे त्याच्या वरच्या पाण्याचे, त्यामुळे उणे टक्के सोलापूरकराला काय नवीन? मी पण फसलो, मेव्हण्याला ठासून सांगितलं की पाणी सुटायच्या आधी साठा अजून घटला होता. वही काढली तर तसा आकडाच नाही.

उपाय म्हणजे ताण. मोठा टी लिहून पुढे आकडा द्यायचा (छोटा टी वेगळा, तो रेंज ठरवतो, मी त्यात अर्धा तास घालवलाय). शून्य म्हणजे साधी क्युबिक, म्हणजे त्रिघाती समीकरणाची वळणदार रेघ, वाढवत नेलं की रेघ ताठ होत होत सरळ तुकड्यांसारखी दिसायला लागते. सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या खडखडाटात वाढलेल्याला ताण काय समजवायचा, ढिला सोडला तर सूत लोंबतं, फार ओढला तर तुटतं. इथे तुटत नाही एवढंच. मी ५ च्या आसपास ठेवतो, बुडी बरीच कमी होते. उणे ताण मात्र देऊ नका, रेघ लाटा मारायला लागते.

आणि हो, वहीतले ठिपके आता रेघेवर वेगळे काढतो. मेव्हणा आधी ते मोजतो, मगच रेघेकडे बघतो.