एअरबॅगचा दिवा आणि मामांची सीट : एका लांबच्या प्रवासाचा वृत्तांत

डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा कधी लागतो, कधी विझतो, आणि वर्कशॉपमध्ये गाडी नेली की शहाण्या मुलासारखा गप्प बसतो. असा दिवा घेऊन ज्यांना लांब जायचंय त्यांच्यासाठी हा वृत्तांत. आमच्या गाडीचं निदान वर्कशॉपमध्ये एकाच वाक्यात झालं होतं : "शेजारच्या सीटचा सेन्सर गेलाय, गादीसकट बदलावा लागेल." प्रवास आधीच ठरलेला होता, आणि बिघाड फक्त चालत्या गाडीत दिसत होता. मग वाटेतच त्याचा माग काढू, असं ठरलं. सोबत मामा होते. त्यांचं आयुष्य कंट्रोल पॅनेलं आणि रिले यांच्या संगतीत गेलेलं. निघतानाच ते म्हणाले, "सेन्सरवर आळ घेण्याआधी त्याच्याकडे जाणारी वायर बघितली का कुणी?" कुणीच बघितली नव्हती.

एक गोष्ट आधीच सांगतो. एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असेल, तर टक्कर झाल्यावर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा धरू नका. काही गाड्यांत एकाच सीटचा बिघाड असला तरी पूर्ण यंत्रणा बंद पडते, काहींत उरलेल्या एअरबॅगा चालू राहतात. मामा बेल्ट लावून पुढे बसले ते समजून-उमजून. सोबत लहान मूल असतं तर त्याची जागा मागेच होती, आणि ती तर दिवा नसतानाही मागेच असते. पाठीमागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही.

पहिल्या टप्प्यात सरळ, मोकळा रस्ता होता. दिवा शांत. त्या निवांतपणात मामांना या सेन्सरचं काम समजावून सांगितलं, ते इथेही सांगतो, कारण आपल्या सीटखाली नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात तीर मारणं आहे.

या सेन्सरची कामं दोन. साध्या गाड्यांत तो फक्त माणूस बसलाय की नाही एवढं बघतो, म्हणजे बेल्ट न लावल्यास टुणटुण वाजवता येते. पुढच्या प्रकारात तो बसलेल्याचा अंदाज घेऊन शेजारची एअरबॅग चालू ठेवायची की बंद, हे ठरवायला मदत करतो. हा दुसरा प्रकार पसरला तो अमेरिकेतल्या एफएमव्हीएसएस २०८ या नियमामुळे. १९९० च्या दशकात जोरात उघडणाऱ्या एअरबॅगांनी लहान मुलांचे आणि लहान चणीच्या माणसांचे जीव घेतले होते. त्यानंतर २००३ ते २००६ या काळात हा सुधारलेला नियम तिथे टप्प्याटप्प्याने लागू झाला.

सेन्सरच्या जातीही वेगवेगळ्या आहेत. गादीच्या कापडाखाली पातळ प्लॅस्टिकची मॅट असते, तिच्यावर दाब पडला की तिचा विद्युत रोध बदलतो. काही गाड्यांत जेल भरलेली पिशवी असते आणि तिला दाब मोजणारा सेन्सर जोडलेला असतो. काहींत सीटच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे सेन्सर असतात. आणि काहींत माणसाच्या शरीराने विद्युत क्षेत्रात होणारा बदल ओळखणारी कपॅसिटिव्ह मॅट असते. आपल्या गाडीत यातली कोणती आहे ते मालक-पुस्तिकेतून किंवा वर्कशॉपच्या माहितीतून आधी काढून घ्या, कारण प्रत्येकीचे रुसवे-फुगवे वेगळे. मॅटवर कुणी गुडघा टेकवून मागचं सामान काढलं की ती दुमडून तुटते. कपॅसिटिव्ह सेन्सर ओल्या सीटवर आणि सीटवर चार्ज होत असलेल्या लॅपटॉपवर बिचकतो. चार कोपऱ्यांच्या सेन्सरांना सीटखाली अडकलेली बाटलीसुद्धा चकवते, कारण वजनाचा काही भाग ती बाटलीच पेलते.

आमच्या गाडीत मॅट होती.

रस्ता खराब झाला तसा दिवा लागेल अशी माझी अपेक्षा होती. नाही लागला. वळणांवर मामा दाराकडे झुकले, तरी नाही. लागला तो मामांनी पाय लांब करण्यासाठी सीट पार मागे सरकवली तेव्हा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गेला. मामांना म्हटलं, "मामा, जरा सीट पुढे घेता का, आणि मग परत मागे?" ते म्हणाले, "तू मला प्रवासाला आणलंयस की प्रयोगाला?" पण सरकले. सीट शेवटच्या खाचेत गेली आणि थोड्याच वेळात दिवा पुन्हा हजर.

इथून पुढे प्रत्येक वेळी काय झालं ते मामा डायरीत लिहू लागले : सीट कुठल्या खाचेत, पाठ किती कललेली, बेल्ट लावलेला की काढलेला, रस्ता कसा, बाहेर ऊन की थंडी, गाडी नुकती सुरू केलेली की तापलेली. हे टिपण गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरइतकंच कामाचं आहे, कधी कधी जास्तच. दिवा सीट सरकवताना लागत असेल तर वायर किंवा कनेक्टरवर संशय घ्या. बसलेला माणूस हलला की लागत असेल तर मॅटवर. पाऊस किंवा सीट धुतल्यानंतर लागत असेल तर ओलाव्यावर. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करताना लागत असेल तर आधी बॅटरी तपासा, कमी व्होल्टेजमुळेही एअरबॅगचा कंट्रोलर कुरकुरतो.

आमच्या टिपणात आणखी एक गोष्ट दिसली. बेल्टची टुणटुण बरोबर चालत होती. मामा बेल्ट काढायचे, ती वाजायची. सीट रिकामी केली की गप्प व्हायची. ही टुणटुण आमच्या गाडीत त्याच मॅटवर चालते. म्हणजे मॅटला माणूस कळत होता. बिघाड क्षणभर येऊन जात होता, आणि कंट्रोलर मात्र तो लक्षात ठेवून गाडी बंद होईपर्यंत दिवा लावून बसत होता. मॅट मेली असती तर ही टुणटुण इतकी शिस्तीत चालली नसती.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर आधी हाताने बघण्यासारखं बघून घेतलं. सीटखाली काही अडकलंय का, सीट कव्हरचे हुक वायरिंगमध्ये गुंतलेत का, गादीवर सांडल्याचा डाग आहे का. एवढं कुणीही करू शकतो, फक्त किल्ली काढलेली असावी आणि वायरींना ओढाताण करू नये. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की हात मागे घ्या. पिवळा रंग सहसा एअरबॅगच्या वायरिंगचा असतो, आणि बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग याच सीटच्या पाठीत बसवलेली असते. तिच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, मीटरच्या स्वतःच्या करंटनेही ती उडू शकते.

गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी रीडर आमच्याकडे होता. त्याने "बिघाड नाही" असं सांगितलं, आणि त्यात त्याचा दोष नाही. असे रीडर बहुधा इंजिनचे पी ने सुरू होणारे कोडच वाचतात. एअरबॅगचे कोड बी ने सुरू होतात आणि ते वाचायला एअरबॅगच्या कंट्रोलरशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत बी १६५० हा कोड प्रवासी ओळखण्याच्या यंत्रणेतला बिघाड एवढंच सांगतो, नेमका कुठे ते कळायला त्याच यंत्रणेच्या स्वतंत्र कंट्रोलरमधले कोड वाचावे लागतात. मॅकेनिकला म्हणूनच विचारा, "कोड आत्ताचा आहे की जुना साठवलेला?" आणि "लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर या क्षणी देत असलेला आकडा, दाखवता का?" या दोन प्रश्नांनी समोरचा माणूस किती पाण्यात आहे तेही कळतं.

दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका वर्कशॉपमधल्या मॅकेनिकने हे दोन्ही प्रश्न आनंदाने ऐकले. कोड जुना होता : मॅटच्या सर्किटमध्ये रोध मर्यादेबाहेर. त्याने लाइव्ह डेटा लावून मामांना बसवलं, उठवलं, परत बसवलं. आकडा सुरळीत वर-खाली. मग मामांना सीट मागे घ्यायला सांगितली आणि आकड्याने एक उडी मारली. तिथेच बॅटरी काढली आणि तो सरळ निघून गेला, दुसऱ्या गाडीकडे. मामांना वाटलं, कंटाळला. पण ही वाट बघणं आवश्यक असतं. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये काही काळ चार्ज शिल्लक राहतो. किती थांबायचं ते कंपनीगणिक वेगळं, कुणी दीड मिनिट सांगतं, कुणी तीन, कुणी त्याहून जास्त. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच धरावा.

सीटचे बोल्ट काढून ती मागे कलंडवली तेव्हा सगळं उघड झालं. वायरिंग चौकटीला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. त्यामुळे वायरींचा जुडगा खाली लोंबकळून रुळाच्या ब्रॅकेटपाशी अडकत होता आणि सीट शेवटच्या खाचेत गेली की ताणला जात होता. बाहेरून एकही वायर सोललेली नव्हती. मॅकेनिकने एकेक वायर चिमटीत धरून कनेक्टरपासून हळूहळू वाकवत नेली. कनेक्टरच्या मागे बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक वायर इतरांपेक्षा मऊ लागत होती. बाकीच्या वायरी गोलाईत वाकत होत्या, ही त्या एकाच जागी दुमडत होती. आतलं तांबं तुटलेलं आणि वर आवरण शाबूत. मामांनी स्वतः हात लावून बघितलं आणि दिवसभरात पहिल्यांदा समाधानाने हसले.

खात्री करायला मॅटचा कनेक्टर सोडवून मॅटचाच रोध मोजला. रिकामी असताना एक आकडा, तळहाताने दाबली की दुसरा, सोडली की पुन्हा पहिला. आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, त्यामुळे आमचे इथे देऊन उपयोग नाही. बघायचं एवढंच की बदल सलग होतो का आणि दाब काढल्यावर आकडा जागेवर येतो का. मग मीटर वायरिंगला लावून ती जागा हलवली, तर आकडा दिसायचा आणि गायब व्हायचा. गादी बदलली असती तरी दिवा लागतच राहिला असता.

जोड देऊन काम भागलं असतं असं मला वाटत होतं, पण मॅकेनिक तयार झाला नाही. बऱ्याच कंपन्या एअरबॅगच्या वायरिंगला जोड द्यायला मनाई करतात किंवा ठरावीक पद्धतीनेच परवानगी देतात, आणि त्याचं म्हणणं मला पटलं. सीटखालचा तो छोटा हार्नेस, म्हणजे कनेक्टरसकट वायरींचा तयार जुडगा, मागवून घेतला. तो येईपर्यंत मामा मागच्या सीटवर गेले आणि तिथून रस्त्याविषयी सूचना देऊ लागले.

दुरुस्तीनंतर कोड पुसणं हा शेवट नाही. आधी सीट पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत सरकवून, पाठ कलवून, लाइव्ह डेटा बघून घ्या. नवी वायरिंग कुठे ताणत नाही ना, ते डोळ्यांनी बघा. चार कोपऱ्यांत वजनाचे सेन्सर असलेल्या गाड्यांत सीट काढून बसवली तरी शून्याची जुळणी, म्हणजे रिकाम्या सीटचं वजन शून्य धरायला लावणं, पुन्हा करावी लागते. टोयोटाच्या अशा गाड्यांत त्यानंतर सीटवर ३० किलोचं वजन ठेवतात आणि स्कॅनरवर २७ ते ३३ किलोच्या दरम्यान आकडा दिसला तरच काम पुरं मानतात. जेलच्या पिशवीच्या प्रकारात पिशवी, सेन्सर आणि कंट्रोलर बहुतेक वेळा जुळवलेला एकच संच असतो. भंगारातल्या गाडीतून त्यातला एकच भाग काढून बसवणं म्हणजे चुकीचं मोजमाप विकत घेणं.

बाजारात मॅटऐवजी लावायची एक छोटी डबी मिळते. ती कंट्रोलरला कायम एकच ठरलेलं उत्तर देत राहते. दिवा जातो, टुणटुण जाते, आणि सीटवर कोण बसलंय हे गाडीला कधीच कळत नाही. मला हा प्रकार पेटलेल्या दिव्यापेक्षाही वाईट वाटतो. दिवा निदान बिघाड आहे हे तरी सांगतो.

खिशातून खर्च करण्याआधी चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल आहे का ते बघा. या सेन्सरसाठी मोठे रिकॉल झालेले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाने जगभरातल्या ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे साडेसात लाख. अशा यादीत गाडी असेल तर दुरुस्ती फुकट होते. आमची नव्हती.

परतीच्या वाटेवर मामा पुढे बसले, सीट पार मागे घेऊन. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा, ते मी प्रत्येक थांब्यानंतर बघत होतो. तो मुळीच लागत नसेल तर खूश होऊ नका. कुणीतरी आधी दिवाच काढून ठेवलेला असू शकतो, आणि जुनी गाडी घेताना हे पहिल्यांदा तपासावं.