तुम्ही विचारलंत म्हणून: झळ लागलेली नसताना साथ कशी द्यावी?

वर्णभेदाविषयी मी लिहितो, म्हणून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: ज्याला या अन्यायाची झळ स्वतः लागलेली नाही, त्याने या लढ्यात नेमके काय करावे? विचारणाऱ्याला बहुधा काय वाचावे आणि काय बोलावे याची यादी हवी असते. मला मात्र अमेरिकेतील एक घरखरेदी आठवते.

१९५४ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे अँड्र्यू वेड या कृष्णवर्णीय गृहस्थांना उपनगरात घर घ्यायचे होते, परंतु गोऱ्यांच्या वस्तीत त्यांना घर विकण्यास कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी ॲन आणि कार्ल ब्रेडन या गोऱ्या दांपत्याला, तुमच्या नावाने घर घेऊन नंतर ते आम्हाला द्याल का, असे विचारले आणि ब्रेडन यांनी होकार दिला. वेड कुटुंब राहायला आल्यावर शेजारी क्रूस जाळण्यात आला (गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची ही धमकी देण्याची रीत), घरावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि जूनमध्ये घर सुरुंगाने उडवण्यात आले. स्फोटाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. उलट हा कम्युनिस्टांचाच कट असल्याचा कांगावा करून कार्ल ब्रेडन यांना राजद्रोहासाठी १५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ती पुढे रद्द झाली खरी, पण तोवर त्यांनी काही महिने तुरुंगात काढले होते.

यात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की मागणी वेड यांची होती आणि तेथे राहण्याचा निर्णयही त्यांचाच होता. त्यांच्या भल्याचे काय, हे ब्रेडन यांनी परस्पर ठरवले नाही. केवळ कातडीच्या रंगामुळे आपल्याला आयती मिळालेली पत त्यांनी दुसऱ्याच्या कामी लावली आणि त्याचे परिणामही भोगले. याउलट जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा अमेरिकेत पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, त्याचा निषेध म्हणून २ जून २०२० रोजी असंख्य लोकांनी समाजमाध्यमांवर काळे चौकोन टाकले, तेव्हा ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या वर्णभेदविरोधी चळवळीच्या हॅशटॅगखाली आंदोलकांना हवी असलेली उपयुक्त माहितीच त्या चौकोनांआड दडून गेली. हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही.

आज तुरुंगात जाण्याची वेळ सहसा येत नाही. येते ती निवड समितीच्या बैठकीत अवघडून बसण्याची. एखाद्या कृष्णवर्णीय उमेदवाराबद्दल कोणीतरी म्हणते, "हुशार आहे, पण आपल्यात रुळेल असे वाटत नाही." अशा वेळी हा निकष नेमका कोणता, तो आधीच्या उमेदवारांनाही लावला होता का, आणि तो इतिवृत्तात नोंदवायचा का, एवढे शांतपणे विचारावे. हाच प्रश्न समितीतील एकट्या कृष्णवर्णीय सदस्याने विचारला तर त्याच्यावर हळवेपणाचा शिक्का बसतो. तुम्ही विचारलात तर फार तर बैठक लांबते आणि एखादा सहकारी नाराज होतो. मात्र ज्याच्यावर अन्याय झाला तो समोरच बसला असेल, तर त्याच्या वतीने बोलण्याआधी, तसे बोललेले त्याला चालेल का, हे त्यालाच बाजूला घेऊन विचारावे आणि तो नको म्हणाला तर गप्प बसावे.