डब्यावर लिहिलं होतं : साखर 2 ग्रॅम

आहारसल्ल्यासाठी आलेल्या त्या गृहस्थांचं वय 46, बँकेत बैठं काम, पूर्ण शाकाहारी. जिम नियमित, रोज ‘प्रोटीन’ही चालू, तरी पोट वाढतंय ही तक्रार. वजन 78 किलो, कंबर 99 सेंटिमीटर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज) 5.9. येताना त्यांनी प्रोटीनचा डबा सोबत आणला, हे फार बरं झालं.

तो मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर होती. 100 ग्रॅमच्या एका मात्रेत प्रथिनं 15 ग्रॅम, कर्बोदकं 78, साखर फक्त 2. या शेवटच्या आकड्यावर ते निर्धास्त होते. पण घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या कर्बोदकाचं होतं. लेबलवर ते साखरेत धरत नाहीत, मात्र पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झपाट्याने होतं. दिवसाला दोन मात्रा म्हणजे सुमारे 780 कॅलरी, दूध वेगळं. डबा घेताना पुढचं मोठं अक्षर सोडून मागे दर 100 ग्रॅमला प्रथिनं किती ते बघायचं; साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये (दुधापासूनची प्रथिन पावडर) ती 70 ते 80 ग्रॅम असतात.

जेवणातून त्यांना जेमतेम 45 ग्रॅम प्रथिनं मिळत होती. वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे 117 ग्रॅमच्या आसपास ठरवली. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन आधी तपासून घेतलं; मूत्रपिंडाचा विकार असता तर हा आकडा मी दिलाच नसता. नाश्त्याला मुगाची दोन धिरडी आणि 100 ग्रॅम पनीर. दुपारच्या जेवणाच्या डब्यात पोळ्या, वरण आणि कोरडे मोजून 50 ग्रॅम सोया चंक्स, यातच 26 ग्रॅम येतात. व्यायामानंतर व्हेचा एक स्कूप. रात्री दोन भाकरी, घट्ट आमटी, वाटीभर दही. चंक्स उकळून दोनदा पिळले नाहीत तर उग्र वास राहतो आणि लोक चार दिवसांत सोडून देतात.

व्यायामाचं दुखणं वेगळं होतं. रोज नवा सर्किट (एकामागोमाग एक व्यायामांची फेरी), हातात तेच 5 किलोचे डंबेल्स, नोंद कसलीच नाही. भार वाढत नसेल तर स्नायूला वाढायचं कारणच उरत नाही. त्यांच्या ट्रेनरशी बोलून आठवड्यातून तीन दिवस पाचच व्यायाम ठेवले: गॉब्लेट स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, चेस्ट प्रेस, सीटेड रो, शोल्डर प्रेस. प्रत्येकी तीन सेट, 8 ते 12 रेप्स (आवर्तनं), मध्ये दोन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये 12 झाले की पुढच्या वेळी दोन-अडीच किलो वाढवायचे. सगळं वहीत.

बाराव्या आठवड्यात ते आले ते जिमच्या यंत्राचा कागद घेऊन. “मॅडम, वजन एकच किलो उतरलं आणि स्नायू पावणेदोन किलो घटलेत. बंद करू का हे सगळं?”

मी विचारलं, “हे मोजलं कधी?”

संकष्टीला, संध्याकाळी. उपवास चंद्रोदयापर्यंत निर्जळी.

ते यंत्र स्नायू मोजत नाही. शरीरातून सौम्य वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतं, त्यावरून पाण्याचा आणि पाण्यावरून स्नायूंचा अंदाज बांधतं. दिवसभर पाणी नसेल तर कागदावर स्नायू घटलेलेच दिसणार. आधीचं मोजमाप तर भरल्या पोटी झालं होतं. त्या दोन कागदांची तुलनाच होऊ शकत नव्हती.

टेप काढली. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता: 93. वहीत स्क्वॉट 10 किलोवरून 24 वर गेलेला. भार असा चढत असताना, प्रथिनं पोटात जात असताना पावणेदोन किलो स्नायू जाणं मला पटणारं नव्हतं. एचबीए1सी 5.6 आला होता. गेनर बंद झाल्याचा त्यात मोठा वाटा, असं माझं मत आहे.

आहार तसाच ठेवला. यंत्रावर उभं राहायचंच असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, आदल्या दिवशी नेहमीसारखं पाणी प्यायलेलं असताना. संकष्टीच्या दिवशी नाही.